जुन्या गाडीचं स्टिअरिंग बदलताना: सगळा खेळ बॉसचा

एक मोठा नट काढायचा, जुनं स्टिअरिंग उपसायचं, नवं बसवून सहा स्क्रू आवळायचे. सांगणारे एवढंच सांगतात, आणि ते खोटंही नाही. हा भाग तासाभरात होतो. उरलेला दिवस जातो तो हॉर्न वाजत नाही म्हणून, इंडिकेटर डावीकडून परत येतो पण उजवीकडून येत नाही म्हणून, किंवा गाडी सरळ चालतेय आणि स्टिअरिंगचे दांडे तिरके दिसतात म्हणून. या तिन्ही तक्रारींचं मूळ स्टिअरिंगमध्ये नसतं. ते असतं स्टिअरिंग आणि कॉलम (ज्यातून शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जातो ती नळी) यांना जोडणाऱ्या तुकड्यात, म्हणजे बॉसमध्ये. स्टिअरिंग निवडायला लोक महिने घालवतात आणि बॉस मात्र ‘जो बसेल तो’ म्हणून उचलतात. आमच्या मते हे नेमकं उलट हवं.

खरेदीच्या आधी गाडीत बसून तीन मापं घ्या. पहिलं, जुन्या स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत तो ३८० ते ४३० मिमी असतो. त्या जागी लोकांना ३५० मिमीचं हवं असतं, कारण ते देखणं दिसतं आणि मांडीला लागत नाही. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हाताला लागणारा जोर त्रिज्येच्या उलट प्रमाणात वाढतो. ४०० वरून ३५० वर आलात की जोर साधारण १४ टक्के जास्त लागतो. चालत्या गाडीत हे जाणवत नाही. उभी गाडी पार्किंगमधून काढताना खांद्यांना चांगलंच कळतं. टायर मूळ मापापेक्षा रुंद घातले असतील तर त्यात आणखी भर पडते. ३६० ते ३८० मिमी हा आमच्या मते सुखाचा मध्य. दुसरी गोष्ट म्हणजे लहान स्टिअरिंगची वरची कड नेमकी स्पीडोमीटरच्या मधोमध येऊ शकते. पुठ्ठ्याची त्याच व्यासाची रिंग कापून जुन्या स्टिअरिंगवर चिकटवा आणि नेहमीच्या बैठकीत बसून बघा. तेलाच्या दाबाचा काटा किंवा लाल दिवा झाकला जात असेल, तर ते माप बाद.

दुसरं माप खोलीचं. सपाट स्टिअरिंग आणि खोलगट स्टिअरिंग यांत रिमच्या (हातात धरायच्या कडीच्या) जागेचा फरक ८०-९० मिमीपर्यंत जातो. खोली मोजायची ती बॉसला टेकणाऱ्या पत्र्यापासून रिमच्या पातळीपर्यंत. तिसरं माप बॉसच्या उंचीचं. या दोन्हींची बेरीज करून रिम छातीपासून किती लांब येईल ते काढा, आणि इंडिकेटरच्या दांडीपर्यंत बोट पोचतंय का तेही पाहा. हात रिमवर ठेवून मधलं बोट लांबवलं की दांडीचं टोक लागलं पाहिजे. खोलगट स्टिअरिंग आणि उंच बॉस एकत्र आले की रिम छातीवर येते आणि दांडी दूर मागे राहते. मग प्रत्येक वळणाला हात सोडावा लागतो.

आता भोकांची गोष्ट. मोमो, स्पार्को आणि ओएमपी यांची नेहमीची स्टिअरिंग्ज सहा भोकांची, ७० मिमी वर्तुळावर. नार्डी आणि पर्सनल या कंपन्यांचीही सहाच भोकं, पण वर्तुळ ७४ मिमीचं. डोळ्यांना हा फरक कळत नाही. ७४ चं स्टिअरिंग ७० च्या बॉसवर धरलं की प्रत्येक भोक दोनच मिमी सरकलेलं असतं, आणि मग कुणीतरी कानस घेऊन भोकं लांबट करतो. असं कधीही करू नका. लांबट भोकात स्क्रूची शंकूच्या आकाराची टोपी नीट बसत नाही, सगळा भार स्क्रूच्या आट्यांवर येतो आणि स्टिअरिंग हळूहळू खेळू लागतं. दोन्ही वर्तुळांवर भोकं पाडलेले बॉस मिळतात, नाहीतर मध्ये जोड-प्लेट बसवता येते. मात्र प्लेटने उंची वाढते, ती वरच्या बेरजेत धरा. अमेरिकी ग्रँटची तीन आणि पाच भोकांची पद्धत वेगळीच आहे. तिच्याशी यांचं काहीच जुळत नाही.

जुनं, वापरलेलं स्टिअरिंग घेणार असाल तर मागची बाजू आधी बघा. मोमोच्या स्टिअरिंगच्या दांड्यांवर मागे उत्पादनाची तारीख ठोकलेली असते, आणि पुष्कळ नमुन्यांवर जर्मन मान्यतेचा केबीए क्रमांकही. नकली मालावर हे ठसे पुसट, वेडेवाकडे असतात किंवा नसतातच. पत्राही पातळ असतो. दोन्ही हातांनी रिम धरून एक बाजू पुढे, एक मागे असं पिळून बघा. चांगलं स्टिअरिंग थोडंफार लवचिक वाटतं, पण आवाज करत नाही. करकर आली तर दांडा आणि रिमच्या जोडावर वेल्डला तडा आहे असं समजा. लाकडी रिमला रिव्हेटच्या भोवती केसासारखी भेग असेल तर वरून वॉर्निश मारून ती झाकली जाते. नखाने चाचपली की सापडते.

बॉस घेताना गाडीचं नाव आणि वर्ष एवढं पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी कॉलम बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने दुसराच कॉलम बसवलेला असू शकतो. म्हणून जुनं स्टिअरिंग काढून स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे उभे दात) मोजा आणि मगच बॉस मागवा. एका दातावर रंगाचा ठिपका द्या आणि तिथून मोजत फिरा. ३६, ४०, ४८ असे आकडे भेटतात. व्हर्नियरने शाफ्टचा बाहेरचा व्यासही घ्या, आणि शाफ्ट निमुळता आहे की सरळ तेही लिहून ठेवा. आकडा जुळला आणि व्यास थोडा कमी पडला तर बॉस बसतो, नट आवळल्यावर घट्टही वाटतो, पण दात फक्त टोकांवर चावतात. हातात बॉस फिरवून पाहिल्यावर जराही टकटक जाणवली तर तो परत करा. काही बॉसमध्ये अपघातात चेपणारी पन्हाळीदार नळी असते. ज्या गाडीत कॉलम स्वतः चेपणारा नाही, तिथे असाच बॉस घ्यावा.

आता काढण्याचं काम. पुढची चाकं सरळ करा, म्हणजे गाडी दहा-वीस फूट सरळ ढकलून तिथेच थांबवा; जागच्या जागी स्टिअरिंग फिरवून ‘सरळ दिसतंय’ म्हणू नका. मग बॅटरीची अर्थची तार काढा. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अर्थ पॉझिटिव्ह असू शकतो. तिथे पॉझिटिव्हचीच तार आधी निघते, कारण तीच बॉडीला गेलेली असते.

हॉर्नचं मधलं बटण कसं निघतं हे गाडीगणिक बदलतं. कुठे दाबून फिरवायचं, कुठे बोथट पट्टीने उचलायचं, कुठे मागून दोन-तीन बारीक स्क्रू. ज्या बटणाला स्क्रू दिसत नाही ते जोर लावून उपटण्याआधी मागची बाजू आरसा धरून बघा. पन्नास वर्षं जुनं प्लॅस्टिक एका फटक्यात तुटतं, आणि तसं बटण पुन्हा मिळेलच असं नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत हॉर्न आणि इंडिकेटरच्या तारा एका बारीक नळीतून कॉलमच्या आतून थेट स्टिअरिंग बॉक्सच्या (कॉलमच्या खालच्या टोकाला असलेल्या गिअरच्या डब्याच्या) खालपर्यंत जातात. ती नळी बॉक्सच्या तळाशी नटने धरलेली असते. तो नट सैल झाला की बॉक्समधलं तेल तिथून टपकायला लागतं. अशी गाडी असेल तर खाली ट्रे ठेवा आणि तेल परत भरायची तयारी ठेवा.

मोठा नट सैल करताना स्टिअरिंग लॉकवर भार टाकू नका. लॉकची खिट्टी चोराला अडवण्यापुरती असते, दीड फुटी पान्याचा जोर सोसण्यासाठी नाही. ती वाकली की चावी फिरेनाशी होते आणि नवीन काम निघतं. एकाने रिम घट्ट धरावी, दुसऱ्याने सॉकेट फिरवावं. नट २२, २४, २७ मिमी किंवा इंची मापात असतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये २७ चा. इंची नटाला जवळपासचं मिमी सॉकेट लावून कोपरे गोल करण्यात अर्थ नाही. लॉक-वॉशरची जीभ वाकवलेली असेल तर ती आधी पूर्ण सपाट करा.

नट सुटला तरी पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आट्यांवर राहू द्या. स्टिअरिंग अचानक सुटतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. तो नट त्याला अडवतो. मग शाफ्टचं टोक आणि जुन्या स्टिअरिंगचा बॉस (त्याचा मधला भाग) यांवर एकच सरळ रेघ ओढा, पंच मारला तर ठोका अगदी हलका. ही रेघ पुढे कामाला येते.

निघत नसेल तर पुलर, म्हणजे बोल्ट आवळून स्टिअरिंग ओढून काढणारं हत्यार. बॉसला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर तो सरळ बसतो. पुलरचा मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर टेकण्याआधी मध्ये पितळी तुकडा किंवा जाड वॉशर ठेवा, नाहीतर टोक पसरतं आणि नट परत चढत नाही. भोकं नसतील तर भेदक तेल मारून रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसून दोन्ही गुडघे रिमच्या मागे लावा आणि डावा-उजवा असा आळीपाळीने दाब द्या. अॅल्युमिनियमचा बॉस लोखंडी शाफ्टवर गंजून बसलेला असेल तर हॉट एअर गनची ऊब उपयोगी पडते. ज्योत मात्र नको. खाली इंडिकेटरच्या स्विचचं प्लॅस्टिक आहे.

हातोडा कुठेच नको, शाफ्टच्या टोकावर तर अजिबात नको. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी गाड्यांना स्टिअरिंगच्या धक्क्याविषयीचे दोन सुरक्षा नियम लागू झाले, आणि त्या सुमारास चेपणारे कॉलम सर्रास येऊ लागले. अशा कॉलममध्ये शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकणारे असतात आणि मध्ये प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्या त्यांना जागेवर धरतात. टोकावर चार ठोके बसले की त्या तुटतात. शाफ्ट आत सरकतो, स्टिअरिंग स्विचला घासतं आणि कॉलम बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कॉलम जुन्या पद्धतीचा, अखंड असला तरी तो ठोका वरच्या बेअरिंगला आणि खाली बॉक्समध्ये पोचतोच.

शाफ्टचे दात तारेच्या ब्रशने साफ करा, केरोसीनने पुसा, आणि अँटी-सीझ (गंजून अडकू न देणाऱ्या) पेस्टचा अगदी पातळ हात द्या. नटाच्या आट्यांना काही लावू नका, कारण पुस्तकात दिलेला टॉर्क (आवळण्याच्या जोराचं माप) बहुतेक कोरड्या आट्यांचा असतो. तेलकट आट्यांवर तोच आकडा जास्त ताण देतो.

आता बॉस चढवायचा, आणि इथे घाई नको. ३६ दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे १० अंश, ४८ वर साडेसात. म्हणजे ३६ वर सर्वांत जवळच्या दातावर बसवूनही ५ अंशांपर्यंतची चूक राहू शकते. ३८० मिमीच्या रिमवर हे अंतर सुमारे १६-१७ मिमी होतं. रोज डोळ्यांना खुपायला एवढं पुरतं. सहा भोकांमुळे स्टिअरिंग बॉसवर ६० अंशांच्या पायऱ्यांनीच फिरतं, त्यामुळे तिथून बारीक दुरुस्ती होत नाही. उरलेली दुरुस्ती टाय रॉडवर (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांवर) करायची: एक बाजू जेवढी लांब, दुसरी तेवढीच आखूड, म्हणजे टो (पुढच्या दोन चाकांचा आत-बाहेरचा कल) बदलत नाही.

पण टाय रॉडला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. बॉक्सवाल्या स्टिअरिंगमध्ये दाते मधोमध सर्वांत घट्ट जुळवलेले असतात आणि बाजूला गेल्यावर थोडा खेळ येतो. हा घट्ट बिंदू आणि पुढची चाकं सरळ असण्याची जागा एकच असली पाहिजे. पुढची बाजू जॅकवर उचला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्म्यावर आणा. तिथे चाकं सरळ नसतील तर आधीच कुणीतरी टाय रॉड असमान फिरवून ठेवले आहेत. जुन्या गाडीत हे सर्रास दिसतं. अशा वेळी स्टिअरिंग सरळ दिसेल असा बॉस बसवलात तर गाडी सरळ रस्त्यावर बॉक्सच्या सैल भागात चालते आणि डुलते. दोष मग नव्या स्टिअरिंगला जातो. आधी बॉक्स मध्यावर, मग बॉस, मग टाय रॉड, हाच क्रम.

इंडिकेटर परत आणणारी कॅम बॉसच्या मागे असते: दोन खाचांची प्लॅस्टिक रिंग, दोन खिळे किंवा एक पितळी जीभ. चाकं सरळ असताना ती स्विचच्या मधोमध समोर आली पाहिजे. एक-दोन दात सरकली की एका बाजूचा इंडिकेटर अर्ध्या वळणातच बंद होतो आणि दुसऱ्या बाजूचा बंदच होत नाही. म्हणून बॉस चढवताना नजर कॅमवर ठेवा. ज्या बॉसवर कॅमची जागा आणि भोकांची जागा एकमेकांशी जुळत नाही तो बॉस चुकीचा आहे. कॅम कापून चिकटवत बसू नका. बॉस आणि स्विचच्या आवरणात २ ते ४ मिमी फट हवी. त्याहून कमी असली तर उन्हात तापल्यावर घासतं, जास्त असली तर कॅम स्विचपर्यंत पोचत नाही. बीटलसारख्या गाडीत कॉलमची नळी सैल करून वर-खाली सरकवता येते आणि ही फट तिथेच जुळते.

सर्वांत जास्त वेळ हॉर्न खातो. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट आधीच पोचलेला असतो आणि बटण दुसरी तार बॉडीला टेकवतं. ही तार वर येते ती ब्रश आणि पितळी रिंगेतून: स्विचवर स्प्रिंगचा छोटा ब्रश, बॉसच्या मागे रिंग. नव्या बॉसवर रिंगचा व्यास वेगळा निघू शकतो. ब्रशच्या टोकाला मार्करची शाई लावा, बॉस हाताने बसवून पूर्ण फेरा फिरवा आणि काढा. शाईची रेघ पूर्ण रिंगवर उमटली तर ठीक. कडेवर उमटली असेल तर काही आठवड्यांत ब्रश झिजून हॉर्न ‘वळताना वाजतो, सरळ असताना नाही’ असं करायला लागतो.

बटणातून करंट बॉडीपर्यंत जातो तो बॉस, शाफ्ट आणि बेअरिंग या वाटेने. ही वाट दोन ठिकाणी तुटते. एक म्हणजे वरचा बुश नायलॉनचा किंवा रबराचा असतो. दुसरं, कॉलमच्या खालच्या टोकाला बॉक्सजवळ रबरी कपलिंग असतं आणि त्यावरून जाणारी छोटी विणलेली अर्थ-तार कुणीतरी काढून टाकलेली असते किंवा ती गंजलेली असते. जुन्या स्टिअरिंगवर हॉर्न चालत होता म्हणजे अर्थ ठीक आहे असं समजू नका. काही गाड्यांत जुन्या स्टिअरिंगला अर्थसाठी वेगळी तार होती. शाफ्टचं टोक आणि चकचकीत बॉडी यांत मल्टिमीटर लावा. जवळजवळ शून्य ओहम आलं पाहिजे. येत नसेल तर कपलिंगवरून नवी तार टाका.

याखेरीज नव्या बॉसवरचा थरही आडवा येतो. अॅनोडाइझ केलेलं अॅल्युमिनियम आणि पावडर कोट दोन्ही करंट अडवतात. बटणाला दोन टर्मिनल असतील तर एक ब्रशच्या तारेला आणि दुसरं छोट्या तारेने बॉसच्या स्क्रूखाली; त्या स्क्रूखालचा थर पॉलिश पेपरने घासून काढा. एकच टर्मिनल असेल तर बटणाची बाहेरची कडी बॉसला टेकते, तिथे घासा. लाकडी स्टिअरिंगमध्ये तार दांड्याच्या पत्र्याखाली दबते, आवरण कापलं जातं आणि बॅटरी जोडताच हॉर्न भोंग्यासारखा सुटतो. म्हणून हॉर्नचा फ्यूज काढून ठेवा आणि सगळ्यांत शेवटी लावा.

दोन हॉर्न असलेल्या गाडीत करंट ८-१० अँपिअरपर्यंत जातो. शोभेच्या छोट्या बटणाचे संपर्क तो सोसत नाहीत, काळे पडतात. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसेल तर घाला. त्याच्या टर्मिनलपैकी ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून हॉर्न, ८६ ला करंट आणि ८५ बटणाकडे. बटणातून मग अगदी थोडाच करंट जातो.

सगळं जुळल्यावर नट. सेल्फ-लॉकिंग असेल तर नवा वापरा, जीभवाला वॉशरही नवा. टॉर्क गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला; बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ४०-५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, बीटलमध्ये ५०. ‘हाताला घट्ट वाटेल तेवढं’ हे माप इथे चालत नाही.

सहा स्क्रू बहुधा एम५, शंकूच्या टोपीचे, ३ मिमी अॅलन कीचे. ही की लवकर घसरते, म्हणून झिजलेली वापरू नका. लांबी तपासा: अॅल्युमिनियममध्ये किमान ८ मिमी आटे चावले पाहिजेत, पण स्क्रू भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की पाना घट्ट लागतो आणि स्टिअरिंग मात्र सैलच राहतं. ही चूक बाहेरून दिसत नाही. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), समोरासमोरच्या जोड्यांनी आवळणं, सुमारे ५ न्यूटन-मीटर. लाकडी स्टिअरिंगवर दांड्यांच्या पत्र्याखाली लाकूड येत नाही ना हे बघा. लाकडावर आवळलेला स्क्रू हवामानाप्रमाणे सैल होतो.

बाहेर काढण्याआधी जॅकवरच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे घासतंय का ऐका, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर परत येतात का पाहा, दोन्ही टोकांवर आणि मध्ये हॉर्न दाबा. स्टिअरिंग लॉक बसतो आणि सुटतो का तेही पाहा. रस्त्यावर पहिली फेरी मोकळ्या जागी, सावकाश. १०० किलोमीटरनंतर बटण काढून नट आणि स्क्रू पुन्हा तपासा. थ्रेडलॉक तुटेल इतका जोर न लावता, फक्त हलतोय का एवढंच. मूळ स्टिअरिंग बदलणं हा कायद्याच्या भाषेत फेरफार ठरू शकतो, तेव्हा नोंदणीचे नियम आणि विम्याची अट आधीच वाचून घ्या. एअरबॅग असलेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे हा प्रयोग करू नका.

जुनं स्टिअरिंग, त्याचा नट, वॉशर, हॉर्नचं बटण आणि कॅम एकाच पिशवीत, गाडीचं वर्ष आणि दातांची संख्या लिहून ठेवा. बेकेलाइट आणि कडक प्लॅस्टिकच्या रिमा उन्हात तडकतात, म्हणून सावलीत, सपाट, वर वजन न ठेवता.